फितीचे दुसरे टोक

“शून्य धरलंय, नाना,” शर्वरी ओरडून म्हणाली आणि फितीच्या टोकाचे पितळी कडे तिने खुंटीवर अंगठ्याने दाबून धरले.

मी दुसऱ्या टोकाला वाचन घेतले, नव्वद फूट चार इंच, आणि फील्डबुकात लिहिले. सकाळचे सात वाजले होते. मे महिन्याचा तिसरा आठवडा. माळाला अजून ऊन लागले नव्हते. गुडघाभर उंचीचे वाळलेले गवत पिवळे न दिसता पिकलेल्या गव्हासारखे तांबूस दिसत होते आणि त्यातली कुसळे माझ्या मोज्यांत सुईसारखी शिरत होती. मागे माझ्या मुलीची, शर्वरीची, गाडी उभी होती. एका शाळेची मोडीत निघालेली मिनीबस घेऊन तिने दोन वर्षांत तिचे चाकावरचे घर केले होते: आत दोन पलंग, ओटा, छपरावर पाण्याची टाकी, एसी, मागे शौचालय. शेजारी तीन तंबू लागायचे होते. शहरातल्या माणसांना या माळावर आणून दोन दिवस ठेवायचे, काळवीट दाखवायचे, चांदण्याखाली झोपवायचे, हा तिचा धंदा व्हायचा होता. आणि तो होणार की नाही ते त्याच संध्याकाळी ठरायचे होते. वनपाल पाच वाजता तळ पाहायला येणार होते. जनावरे बिथरत नाहीत, गवताची नासधूस होत नाही, अशी त्यांची खात्री पटली तर शिफारस वर जाणार होती. नोकरी तिने आधीच सोडली होती.

मला तिने का आणले, याविषयी तिच्या आईचे मत स्पष्ट होते. निघताना ती म्हणाली होती, “ने त्यांना. भांडतील सगळ्यांशी, पण खुंट्या तरी सरळ लागतील.”

मी छत्तीस वर्षे भूमापन खात्यात होतो. शर्वरी सातव्या वर्षापासून सुट्टीत माझ्याबरोबर यायची आणि फितीचे शून्याचे टोक धरायची. फील्डबुकाचे दोन नियम तिला पाढ्यांच्या आधी पाठ झाले होते. पहिला, खोडरबर वापरायचा नाही. आकडा चुकला तर त्यावर एक आडवी रेघ, शेजारी सही, आणि चूक सगळ्यांना वाचता यावी. दुसरा, पानाच्या माथ्यावर फीत धरणाऱ्याचे नाव लिहायचे, कारण माप हे कधीही एकट्याचे नसते. त्या दिवशीच्या पानावर मी नेहमीप्रमाणे लिहिले: फीत धरणार, शर्वरी.

तळाचा चौकोन आखून झाला तेव्हा पश्चिमेच्या बांधावरून एक बाई आमच्याकडे पाहत असल्याचे लक्षात आले. बांधापलीकडे एका शेतकऱ्याचे पडीक रान होते. त्यात मेंढपाळाचा मुक्काम पडला होता: सुताच्या जाळीचे मोठे कुंपण, तीन घोडी, एक पाल आणि तीन रात्री मेंढ्या बसवून काळीभोर झालेली जमीन. शेतकऱ्याला खत मिळते, मेंढपाळाला जागा. मेंढ्या चरायला गेल्या होत्या. बाई बांध उतरून आली. पन्नाशीची असावी, कपाळभर कुंकू, हातात कोपरापर्यंत चांदीची कडी. नाव ठकूबाई.

तिने गाडीभोवती एक फेरी मारली, आत डोकावून ओट्याचा नळ सोडून पाहिला, आणि मग मला म्हणाली, “अण्णा, हितं बसू नका. हे गवात बघा की, पापडागत झालंय. आमची मेंढरं बसल्यात तिथं आणा गाडी. लई मोकळी जागा हाय.”

मी तिला म्हणालो की बाई, तुमची सूचना चांगल्या मनाची आहे, पण तिच्यात तीन दोष आहेत. एक, त्या जमिनीवर लेंड्यांचा चार बोटे थर आहे. दोन, त्यात गोचिडी असणार. आणि तीन, जो सर्वांत मोठा आहे, आमच्या परवानगीच्या पत्रात जो गट क्रमांक आहे तो बांधाच्या अलीकडे संपतो. हद्दीचा दगड मी स्वतः शोधून काढला आहे. त्यापलीकडे एक फूट गेलो तरी आमचा तळ बेकायदा.

ठकूबाईने हे सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग शर्वरीकडे वळून विचारले, “गवताला गट नंबर वाचता येतो का गं, बाय?”

शर्वरी हसली. मी हसलो नाही. वादात प्रश्नाला उत्तर म्हणून प्रश्न विचारणे मला आजही अप्रामाणिक वाटते. पण बाईचा आग्रह मोडायचा नाही म्हणून तिच्या पालापर्यंत गेलो, बिनदुधाचा चहा घेतला. बसायला तिने चुलीचाच एक दगड दाखवला. तिच्या घरची रीत अशी की पहाटे भाकरी झाल्या की चुलीवर पाणी मारायचे, राख मातीखाली दाबायची आणि तिन्ही दगड पालथे घालायचे. रात्रीपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. चहा तिने शेजारच्या वस्तीवरून किटलीत आणलेला होता. मी गार दगडावर बसून तो प्यायलो आणि तिला हद्दीचा कायदा पुन्हा एकदा, यावेळी उदाहरणांसह, समजावून सांगितला. तिचा नवरा म्हाकू मेंढ्यांमागे जायला निघाला होता. त्याने जाताजाता एवढेच म्हटले की सायेब बोलतात छान.

नऊ वाजता ऊन चढले. दहाला माळावरची हवा थरथरू लागली. मी तळाभोवती दहा फूट रुंदीचा पट्टा विळ्याने साफ करून घेतला. दोन मजूर होते, ते काम करून निघून गेले. कापलेल्या गवताच्या पेंढ्या बांधून झाल्यावर प्रश्न असा उभा राहिला की त्या ठेवायच्या कुठे. इथे मला एक कल्पना सुचली, आणि ती सुचल्याचा मला त्या वेळी मोठा आनंद झाला.

एसी चालवायला जनरेटर लागत होता. तो मी गाडीपासून साठ फुटांवर, तळाच्या पश्चिम टोकाला, साफ केलेल्या पट्ट्याच्या बाहेरच्या काठावर ठेवला होता. त्याच्या धुराच्या नळीचे तोंड नियमाप्रमाणे तंबूंच्या उलट दिशेला, म्हणजे पश्चिमेकडे. पण पश्चिमेलाच, बांधाच्या उत्तरेकडच्या उतारावर, काळविटांचा कळप सकाळपासून उभा होता. चौदा माद्या आणि एक काळा नर. वनपाल आले आणि जनरेटरच्या आवाजाने कळप पळाला तर सगळेच संपले. तेव्हा मी त्या पेंढ्यांची भिंत रचली. जनरेटरच्या पश्चिमेला, अर्धगोल, चार फूट उंच, एकावर एक सांधा चुकवून, विटांची रचतात तशी. आवाज निम्म्याने उतरला. शर्वरीने फीत धरली आणि मी लिहिले: नळीपासून भिंत तीन फूट. जनरेटर सुरू, बारा वाजून दहा मिनिटे. कळप स्थिर.

“नाना, भारी,” शर्वरी म्हणाली. मी तिला सांगितले की विचार केला तर प्रत्येक अडचणीचा दुसऱ्या अडचणीला उपयोग करून घेता येतो.

जेवण झाले. गाडीच्या आत खरोखर गारवा होता. शर्वरी पलंगावर आडवी झाली आणि वनपालांना काय काय दाखवायचे ते मोठ्याने म्हणू लागली. मी ओट्याशी बसून तळाचा नकाशा शाईने पक्का करत होतो. बाहेर पश्चिमेचा वारा सुटला होता, तंबूंची कापडे फडफडत होती. त्या फडफडीत आणखी एक फडफड मिसळली आहे हे माझ्या ध्यानात यायला फार वेळ लागला असे मला वाटते. प्रत्यक्षात तो अर्ध्या मिनिटाहून जास्त नसावा. मग एसी बंद पडला.

दार उघडले तो पश्चिमेचे टोक पेटलेले होते. भिंत दिसत नव्हती, जनरेटर दिसत नव्हता. माणसाहून उंच, दिवसाच्या उजेडात जवळजवळ रंगहीन अशी ज्वाळ दिसत होती. पेटलेल्या पेंढ्या वाऱ्याने उचलून, मी साफ केलेल्या दहा फुटांच्या पट्ट्यावरून सहज पलीकडे टाकल्या होत्या. पहिला तंबू गेला. मी सतरंजी घेऊन धावलो आणि आगीवर मारू लागलो. शर्वरीने गाडी सुरू केली आणि तोंड पूर्वेला वळवले, रस्त्याकडे, आगीच्या पुढे.

तेवढ्यात ठकूबाई धुरातून आली. तिने आधी माझी बंडी मागून धरून मला ओढले आणि मग गाडीच्या पत्र्यावर दोन्ही हातांनी धपाधपा मारले.

“म्होरं पळू नगंस, पोरी. आग तुझ्यापरीस जोरात पळती. आडवी घे, आडवी घे, अन् मागनं मेंढरांच्या जागंवर घाल.”

शर्वरीने स्टिअरिंग दक्षिणेला मारले. गाडी आगीच्या कडेने, पत्रा तापवत, आडवी गेली, मग वळसा घालून बांधाशी आली आणि माझ्या हद्दीच्या दगडाला घासत बांध चढून पलीकडच्या काळ्या जमिनीवर जाऊन थांबली. तिथे पेटायला काही नव्हते. मी आणि ठकूबाई पाठोपाठ पोचलो. मागे वळून पाहिले तर ज्या वाटेने शर्वरी रस्त्याकडे निघाली होती ती वाट आगीखाली होती.

म्हाकू मेंढ्या तलावाकडे सोडून धावत आला. वस्तीवरची माणसे ओली गोणपाटे आणि लिंबाच्या डहाळ्या घेऊन आली. दोन तासांनी आग पूर्वेला डांबरी रस्त्याशी थांबली. माणसाला कुठे इजा झाली नाही. कळप उत्तरेला निघून गेला होता. टिटव्या मात्र जळालेल्या रानावर घिरट्या घालत संध्याकाळपर्यंत ओरडत राहिल्या. त्यांची अंडी जमिनीवरच असतात.

वनपाल पाचऐवजी चारलाच आले, बरोबर एक वनरक्षक. शिरसाट नावाचे हे गृहस्थ मध्यमवयीन, सभ्य आणि दमलेले होते. त्यांनी प्रथम शर्वरीची चौकशी केली, तिला पाणी दिले, गाडीच्या करपलेल्या रंगावरून हात फिरवला. मग माळाकडे पाहिले, वाऱ्याकडे पाहिले, पालाशेजारच्या चुलीकडे पाहिले, आणि म्हाकूला जवळ बोलावले.

म्हाकू उकिडवा बसला. त्याच्या भुवया जळाल्या होत्या. शिरसाटांनी नाव, बापाचे नाव, गाव विचारले आणि ते पंचनामा लिहू लागले. वारा पश्चिमेचा, चूल पश्चिमेला, आग पूर्वेला गेली. त्यांच्या दृष्टीने त्यात विचारण्यासारखे काही नव्हते. ठकूबाई काहीतरी सांगू पाहत होती, पण म्हाकूने तिला हाताने गप्प केले. गुन्हा दाखल होणार म्हणजे तालुक्याच्या कोर्टात तारखा पडणार, आणि तारखांना हजर राहायचे तर पुढचे सबंध वर्ष चालत्या घराला एका जागी बसावे लागणार. दोनशे मेंढ्या एका जागी बसून जगत नाहीत. हे त्या दोघांना इतके नीट ठाऊक होते की ते मोठ्याने बोलण्याची त्यांना गरज वाटली नाही. मला ते वनरक्षकाने हळू आवाजात समजावून सांगितले.

शिरसाट माझ्याकडे वळले. “साहेब, तुम्ही निवृत्त सरकारी अधिकारी आहात. पंच म्हणून तुमची सही झाली तर कागद पक्का होईल. आणि तुमच्या कॅम्पची काळजी करू नका. तुमच्याकडून सगळं नियमात होतं, ते मला दिसतंय. शिफारस मी देतो, जागा थोडी पुढे सरकवू.”

त्यांनी पेन पुढे केले. फील्डबुक माझ्या बंडीच्या खिशात होते. धावपळीतही ते तिथेच राहिले होते. मी ते बाहेर काढले, कारण सही करण्यापूर्वी नोंद पाहायची ही माझ्या हाताची छत्तीस वर्षांची सवय होती. शर्वरी शेजारीच उभी होती. तिने पान उघडलेले पाहिले. त्या पानावरचे प्रत्येक माप तिनेच धरलेले होते.

“नाना,” ती म्हणाली, फक्त मला ऐकू येईल इतक्या हळू, “वही खिशात ठेवा.”

एवढेच. तिने विनंती केली नाही, कारण दिले नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मला कोणीतरी असे वाक्य म्हटले होते की ज्याच्याशी मला वाद घालावासा वाटला नाही. मी तिच्याकडे पाहिले नाही. पाहिले असते तर काय केले असते, हे मी आज छातीठोकपणे सांगू शकत नाही; बाकी सर्व सांगू शकतो.

“शिरसाट साहेब,” मी म्हणालो, “मी या कागदावर सही करणार नाही. त्यात आग जिथे लागली असं लिहिलंय, तिथे ती लागलेली नाही.”

“मग कुठे लागली?”

“माझ्या जनरेटरपाशी. मी गवताची भिंत रचली होती, नळीसमोर, तीन फुटांवर. नोंद इथे आहे, वेळेसकट.”

शिरसाटांनी पेन मागे घेतले. मग त्यांनी मला बाजूला घेतले आणि समजुतीच्या स्वरात सांगितले की माणूस घाबरला की स्वतःला दोष देतो. चुलीतली ठिणगी उडून शेदोनशे फूट जाऊ शकते. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे, मी जे बोलतो आहे त्याचा माझ्या मुलीच्या अर्जावर काय परिणाम होईल ते मला कळते आहे ना.

मी म्हणालो की कळते आहे. आणि ठिणगीचे म्हणाल तर त्या चुलीवर मी स्वतः सकाळी बसलो होतो. दगड पालथे आणि गार होते. ते अजून पालथेच आहेत, जाऊन हात लावून पाहा. चूल आणि जनरेटर यांच्यामध्ये गवत जसेच्या तसे उभे आहे. तरीही तुमचा विश्वास बसत नसेल तर आग स्वतःच सांगेल. वाऱ्यावरची आग एका ठिकाणाहून निघते आणि पंख्यासारखी पसरते. पंख्याच्या दोन्ही कडा मागे मागे मोजत गेले की त्या जिथे मिळतात तिथे तिचा जन्म. मी मोजून दाखवतो.

फीत गाडीत होती. मी ती आणली, उलगडली आणि जळालेल्या रानात शिरलो. राख अजून बुटातून भाजत होती. उत्तरेच्या काळ्या कडेला पोचलो, फितीचे डबडे हातात घेतले, आणि मग थांबलो.

वाद एकट्याला घालता येतो. आयुष्यभर मी तो तसाच घातला होता. माप एकट्याला घेता येत नाही. वनरक्षक साहेबांच्या तोंडाकडे पाहत उभा होता. म्हाकू उठायला धजत नव्हता. ज्याच्यावर आळ आहे त्याने फीत धरली तर ते माप राहणार नाही, हेही खरेच होते. मी फितीचे टोक हातात धरून त्या काळ्या रानात उभा राहिलो. किती वेळ, त्याची नोंद नाही.

राखेत पावले वाजली. शर्वरीने माझ्या हातातून पितळी कडे घेतले. डोळे धुराने लाल होते, की आणखी कशाने, ते मी विचारले नाही. ती दक्षिणेच्या कडेकडे चालत गेली, पाठमोरी, फीत सरळ ठेवत, मध्ये कुठेही झोळ पडू न देता. मग खाली वाकली.

“शून्य धरलंय, नाना.”

जनरेटरपासून दोनशे फुटांवर पंख्याची रुंदी एकशे आठ फूट भरली. शंभरावर त्रेपन्न. पन्नासावर सव्वीस. पंचवीसवर तेरा. शेवटचे माप घ्यायची गरजच नव्हती. काळ्या कडा जिथे मिळत होत्या तिथे वितळलेल्या जनरेटरचा सांगाडा होता आणि त्याच्या पश्चिमेला अर्धगोल राख. रचना इतकी चोख होती की जळाल्यावरही सांधे मोजता आले असते. शिरसाट जवळ येऊन पाहत राहिले. मग त्यांनी पंचनाम्याचा कागद घडी घालून खिशात ठेवला आणि नवा घेतला.

“नाव?” त्यांनी मला विचारले.

मी सांगितले. बापाचे नाव, गावही सांगितले. त्या कागदावर मी सही केली.

शिफारस अर्थातच मिळाली नाही. तारखांना मी गेलो. मला एका जागी राहायला अडचण नव्हती. शर्वरीने सात महिने पुन्हा नोकरी केली. त्या काळात ती माझ्याशी बोलायची, पण त्या माळाविषयी नाही. मग एक दिवस तिने ठकूबाईचा मुक्काम कुठे आहे ते शोधून काढले आणि एकटीच जाऊन आली. आज या गोष्टीला अकरा वर्षे झाली. तिच्या तीन गाड्या आहेत, आणि त्या कुठल्याही सरकारी गवतावर उभ्या राहत नाहीत. मेंढ्या ज्या पडीक रानात बसून पुढे सरकतात, तिथे, शेतकऱ्याला विचारून, चार दिवसांनी तिचा तळ पडतो. जागा ठकूबाई सांगते. लेंड्यांचा वास येतो, अशी पाहुण्यांची तक्रार असते. गोचिडीविषयीचे माझे म्हणणे बरोबरच होते, आणि ते मी दर वर्षी ठकूबाईला सांगतो.

ते फील्डबुक माझ्याकडे आहे. तळाचा नकाशा, भिंतीचे तीन फूट, बारा वाजून दहा मिनिटे, सगळे जागच्या जागी. मी त्यावर रेघ मारलेली नाही, कारण आकडा चुकलेला नव्हता. मी चुकलो होतो. पुढच्या पानावर पंख्याची मापे आहेत. त्या संध्याकाळी घाईत मी त्या पानाच्या माथ्यावर काहीच लिहिले नव्हते. हे मला पुढे आठवड्याभराने, वही कपाटात ठेवताना लक्षात आले. म्हणून पान उघडले.

माथा कोरा नव्हता. तिथे लिहिले होते: फीत धरणार, शर्वरी. अक्षर माझे नव्हते. शेजारी सही होती.